घरच्या माणसाचं निवेदन

४ मार्च, सोमवार

चोवीस वर्षं मी ठाण्याची नोंदवही लिहितो आहे, पण स्वतःची वही आज पहिल्यांदा उघडली. ठाण्याच्या वहीत 'मी' हा शब्दच चालत नाही. तिथे मी म्हणजे 'लेखी कामाचे अंमलदार'. इथे मी म्हणजे मी. जरा चोरट्यासारखं वाटतंय.

ठाण्यात मला सगळे मोती म्हणतात. अक्षर मोत्यासारखं आहे म्हणून. नवीन शिपायांना आधी वाटतं की कुणाचं तरी कुत्रं आहे.

आज हजेरीच्या वेळी मोठ्या साहेबांनी फर्मान वाचून दाखवलं. शहरातल्या झाडून सगळ्या पोलिसांची फेरतपासणी होणार. पलीकडच्या ठाण्यातला एक जमादार एका बाईला त्रास दिल्याबद्दल धरला गेला, तेव्हा त्याच्या नावावर अकरा जुन्या तक्रारी निघाल्या, अकराही निकाली काढलेल्या. तेव्हापासून लोकांच्या नजरा बदलल्यात. पूर्वी चौकात बायका आम्हाला पत्ता विचारायच्या, आता फळवाल्याला विचारतात. गेल्या महिन्यात ठाण्यात फक्त नऊ तक्रारी आल्या. साहेब म्हणाले, गुन्हे कमी झाले. मला तसं वाटत नाही, पण वहीत मी साहेबांचंच म्हणणं लिहिलं.

बत्तीस प्रश्नांचा फॉर्म आहे. सगळ्यांची तोंडं उतरली, माझं नाही. आयुष्यात कुणाचा फुकट चहासुद्धा घेतलेला नाही मी.

अडलो एकाच ठिकाणी. प्रश्न सत्तावीस: किमान दहा वर्षं एका घरात राहिलेल्या नातेवाइकाचं निवेदन, त्यांच्या स्वतःच्या अक्षरात, सहीनिशी. ही जाऊन सहा वर्षं झाली. माझी ताई समोरच राहते आणि दिवसातून चार वेळा माझ्या स्वयंपाकघरात नाक खुपसते, पण ते एका घरात राहणं धरत नाहीत. म्हणजे राहिली भिंगरी.

भिंगरी म्हणजे माझी लेक. लहानपणी एका जागी पाच मिनिटं बसायची नाही म्हणून ते नाव पडलं. चार वर्षं झाली, दुसऱ्या शहरात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत असते. नोकरीच तशी लांबची मिळाली, त्याला कोण काय करणार. मी सकाळी पेपर उघडला की आधी तिच्या शहराचं हवामान बघतो.

५ मार्च, मंगळवार

तिला पत्र लिहायला बसलो. पहिलं पत्र 'प्रति' अशा शब्दाने सुरू झालं, ते फाडलं. दुसऱ्यात तिच्या आईची आठवण काढली, तेही फाडलं. सहावं टाकून आलो: "भिंगरी, एक सरकारी काम आहे. फॉर्मचा कागद सोबत जोडला आहे. पाच एप्रिलच्या आत हवं. तब्येत सांभाळ. — बाबा."

सरकारी काम नसतं तर काय म्हणून लिहिलं असतं? बरंच झालं म्हणायचं या फेरतपासणीचं.

९ मार्च, शनिवार

संध्याकाळी पैलवान आला, त्याचा कोरा फॉर्म घेऊन. हा आमच्याच ठाण्याचा फौजदार, माझ्या बरोबरीनेच भरती झालेला. दंगलीत माझ्यावर येणारी वीट त्याने आपल्या खांद्यावर घेतली होती. तो खांदा अजून नीट वर जात नाही. हे मी विसरणार नाही.

"मोती, तूच लिही बाबा. माझं अक्षर बघून मला आधी तिसरीत बसवतील."

तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. चौदावा प्रश्न आला: तुमच्याविरुद्ध कधी कुणी तक्रार केली होती का?

"नाही," तो म्हणाला. "लिही की. थांबलास का?"

मला एक गोष्ट आठवली होती. पण ती तक्रार नव्हतीच, निदान कागदावर तरी नव्हती. कागद मीच लिहिला होता, म्हणजे मला माहीत असणारच. मी 'नाही' लिहिलं. 'ना'चा काना नेहमीपेक्षा जरा लांब गेला.

१३ मार्च, बुधवार

भिंगरीचं उत्तर नाही. पोस्टमन मला बघून लांबूनच हात हलवतो, म्हणजे काही नाही.

ठाण्यातल्या सामानाच्या खोलीत तपासणीवाल्या बाईंनी टेबल मांडलंय. तिशीच्या असतील. माणूस आत गेला की आधी "बसा" म्हणतात. पोलिसाला पोलीस ठाण्यात कुणी बसायला सांगितलं की भीती वाटते, हे मला आज कळलं.

त्यांनी गेल्या दहा वर्षांतले तडजोडीचे जबाब काढून घेतलेत. तीनशेच्या वर आहेत, आणि जवळजवळ सगळे माझ्या हातचे.

"अक्षर फार सुंदर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. मग दोन-चार कागद एकाखाली एक ठेवून बघत राहिल्या. "तुमच्याकडे येणारी माणसं सगळी एकसारखीच बोलतात का हो?"

मी म्हटलं, "बाई, त्यालाच तर लेखन म्हणतात. माणूस येतो, रडतो, कालचं आजमध्ये घालतो, मधेच सासूवर जातो. त्यातून कामाचं तेवढं उचलायचं. सात-आठ ओळींच्या पुढे मी जबाब जाऊ देत नाही."

त्यांनी ते टिपून घेतलं. आपल्या कामाची कुणीतरी कदर केली की बरं वाटतं.

१७ मार्च, रविवार

रविवारी भिंगरी ताईच्या घरी फोन करते. आज मी मुद्दाम अकरा वाजता ताईकडे जाऊन बसलो, पेपर वाचायच्या मिषाने. पेपर उलटा आहे असं ताईने दोनदा सांगितलं. फोन वाजला तो मीच उचलला.

"मी बोलतोय. पत्र मिळालं?"

"मिळालं."

"मग?"

"लिहिते आहे. आत्याला द्या."

दिला. 'लिहिते आहे' म्हणाली. म्हणजे बसली असेल टेबलाशी, समोर कागद असेल, आणि मनात मीच असणार. चार वर्षांत पहिल्यांदाच तिने इतका वेळ माझा विचार केला असेल. ताई फोनवर अर्धा तास हसत होती. मी स्वयंपाकघरात उभा राहून ऐकत होतो. पलीकडचं काही ऐकू येत नाही, पण ताई कुठे हसते त्यावरून अंदाज करता येतो.

२१ मार्च, गुरुवार

आलं! पोस्टमनने पाकीट हातात दिलं, तर मी त्याला सलाम ठोकला. इथे उतरवून ठेवतो, कारण मूळ कागद फॉर्मला लावायचा आहे:

"मी सदर अर्जदार यांची मुलगी असून त्यांच्यासोबत बावीस वर्षे राहिले आहे. त्यांची वागणूक चांगली आहे. मध्यंतरी गैरसमजातून किरकोळ वाद झाला होता, तो आपसात मिटला आहे. माझी कोणाविरुद्धही काही तक्रार नाही. सदर निवेदन मी वाचून पाहिले, ते माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे."

काय सुरेख लिहिलंय! एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. रक्तातच असावं लागतं. 'मिटला आहे' हे तर मी चारदा वाचलं.

बाजारातून तिच्या पलंगासाठी नवी चादर आणली, फिकट निळी. उशीचे अभ्रे दोन घेतले. दुकानदार म्हणाला, पाहुणे येणार वाटतं. मी म्हटलं, पाहुणे कसले, घरचंच माणूस आहे.

२२ मार्च, शुक्रवार

मिरवायला म्हणून ताईला निवेदन दाखवलं. तिने चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला, परत वाचलं.

"अरे, हे तिचं नाही."

"तिचंच अक्षर आहे."

"अक्षर तिचं आहे रे. बोलणं तुझं आहे. शिंप्याच्या पोरीला तू जे लिहून दिलं होतंस ना, ते आहे हे."

"तुला काय माहीत त्यातलं?"

"चार वर्षं दर रविवारी फोन घेते मी. मला नाही माहीत, तर कुणाला?"

मी तिला नको ते बोललो. ती ताट झाकून ठेवून निघून गेली. मी जेवलो नाही. तिची समजूत चुकली आहे. एवढ्या जुन्या गोष्टीवरून कुणी चार वर्षं अबोला धरतं का?

२५ मार्च, सोमवार

तपासणीवाल्या बाईंकडे तो जबाब मागितला. त्यांनी काही न विचारता काढून दिला. खिशात भिंगरीचा कागद होता. दोन्ही शेजारी ठेवले.

पहिलं वाक्य तेवढं बदललं आहे. बाकी शब्द न् शब्द तोच आहे.

माझ्या मुलीने मला माझाच जबाब परत पाठवला होता, आणि मी तिच्यासाठी चादर घेऊन आलो.

आता लिहितोच. चार वर्षांपूर्वी भिंगरी तिच्या मैत्रिणीला, शिंप्याच्या मुलीला, हाताला धरून ठाण्यात घेऊन आली. पायरीवरूनच ती मैत्रिणीला सांगत होती, "घाबरू नकोस, माझे बाबा लिहितात इथे. तू सांगशील ते सगळं लिहितील." मी ऐकलं होतं. मला अभिमान वाटला होता. मग मी भिंगरीला बाहेर बाकावर बसवलं, कारण जबाब देणारीला एकटीलाच आत घ्यायचं, असा नियम आहे. ती पोर पाऊण तास बोलली. मी पाणी दिलं, मान डोलावली आणि सात ओळी लिहिल्या. तिला भरभर वाचून दाखवल्या. तिने विचारलं, "काका, यात सगळं आलं का?" मी म्हटलं, "कायद्याच्या भाषेत सगळं आलं." तिने सही केली आणि तिला मिळणारी नक्कल घेऊन ती बाहेर गेली.

त्या दिवशी घरी भिंगरी म्हणाली, "पाऊण तास बोलत होती ती, बाबा. तुम्ही सात ओळी लिहिल्यात." मी म्हटलं, तिच्या भल्यासाठीच. कोर्ट, वकील, चारचौघांत नाव, कशाला ते? पैलवानाच्या खांद्याचं मी बोललो नाही. तीन आठवड्यांनी तिने लांबची नोकरी धरली.

नोकरी लांबची मिळाली नव्हती. तिने ती लांब शोधली होती.

पोरी, तू एवढं जरी ओरडून लिहिलं असतंस ना, की बाबा तुम्ही खोटे आहात, तरी मी ते उराशी धरलं असतं. पण तू लिहिलंस की तक्रार नाही. माणसाचा विश्वास पार उडाला की तो असंच लिहितो, हे तीनशे जबाब लिहिणाऱ्या मला कधी कळलं नाही.

३० मार्च, शनिवार

पैलवानाला ठाण्यामागच्या आवारात गाठलं. म्हटलं, चौदाव्या प्रश्नाचं उत्तर बदल.

"वेड लागलंय का तुला? तक्रार झालीच नाही. तूच तर लिहिलंस तसं."

"मी चुकीचं लिहिलं."

"मी त्या पोरीशी नुसता बोलत होतो रे. गाडीत बसवलं, सोडलं. खाल्लं नाही तिला." मग आवाज उतरवून म्हणाला, "फॉर्मवर अक्षर तुझं आहे. जबाबावर अक्षर तुझं आहे. मी बुडालो तर तू आधी बुडशील. सहा वर्षं राहिलीत तुझी, गप काढ."

मी त्याच्या खांद्याकडे बघत होतो. तो खांदा माझ्यासाठी गेला हे खरंच आहे. त्या खांद्याची भरपाई मी दुसऱ्याच्या पोरीकडून करवून घेतली, हेही खरंच आहे.

नुसतं भिंगरीचं निवेदन जोडलं की मी सुटतो. कुणाला काही कळणार नाही. तिलासुद्धा मी सुटावं असंच वाटत असेल, नाहीतर तिने पाठवलंच नसतं. आणि मी सुटलो की ती परत कधी येणार नाही.

३ एप्रिल, बुधवार

शिंप्याने दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला हलवलंय. पत्ता ताईने दिला. हल्ली ताईला सगळं माहीत असतं.

मुलगीच मशीनवर बसली होती. नर्सिंगचा वर्ग तिने तेव्हाच सोडला होता. मला बघून तिचा पाय थांबला. बसा म्हणाली नाही, मी बसलोही नाही.

"काका, आता काय सही हवी?"

"सही नको. विचारायला आलोय. तू तेव्हा जे सांगितलंस ते मी आता तपासणीत सांगू का? तू नको म्हणालीस तर पैलवानाचं नाव काढणार नाही. माझं माझं काय ते सांगेन."

"आठवतंय का तरी तुम्हाला?"

मी सांगितलं. पुलाच्या तोंडाशी तुझी स्कूटर अडवून कागद दाखव म्हणाला. आपल्या गाडीत बसवून काचा वर केल्या आणि रेडिओ मोठा केला. तासभर फिरवलं. मानेवर हात ठेवला होता, तो काढला नाही. फोन घेऊन नंबर काढला. पुढे आठ दिवस वर्गाबाहेर उभा राहायचा. त्या दिवशी घरी जाताना चपला हातात घेऊन जिना चढलीस, आईला कळू नये म्हणून.

ती माझ्याकडे बघतच राहिली.

"म्हणजे तुम्ही सगळं ऐकलं होतं," ती म्हणाली. "मला चार वर्षं वाटत होतं, मलाच नीट सांगता आलं नाही."

तिने मशीनमधलं कापड सोडवलं, घडी घातली, पुन्हा उलगडलं.

"सांगा जाऊन. माझं नाव घालून सांगा. मलाही बोलावलं तर येईन. पण यावेळी लिहिलेलं मी स्वतः वाचणार, आणि सावकाश वाचणार."

५ एप्रिल, शुक्रवार

शेवटची तारीख. तपासणीवाल्या बाईंनी "बसा" म्हटलं, बसलो.

"तुमच्या सत्तावीस नंबरला निवेदन जोडलेलं नाही."

"आलं होतं. हे घ्या, पण धरू नका, तिला परत पाठवा. ते खरं नाही."

मग मी बोलायला लागलो. मला वाटलं होतं सात ओळींत होईल. कालचं आजमध्ये गेलं, खांदा आला, चादर आली, मधेच हिची आठवण निघाली आणि रडू फुटलं. बाई लिहीत होत्या. वाकून बघितलं तर लिहिलं होतं, 'संबंधित अधिकाऱ्याने अनुचित वर्तन केले.'

"बाई, असं नका लिहू. काचा वर केल्या, रेडिओ मोठा केला, असं लिहा. आणि माझं लिहा, की ऐकूनसुद्धा लिहिलं नाही."

त्यांनी नवा कागद घेतला. नऊ पानं झाली. मी सगळी वाचली. एक तास लागला.

११ एप्रिल, गुरुवार

निकाल लागला. मी 'विश्वासास अपात्र'. पट्टा, बिल्ला, ओळखपत्र जमा केलं. नोंदवहीत ती नोंद नव्या लेखनिकाने केली, अक्षर कोंबडीच्या पायाचं. पैलवान निलंबित झाला. शिंप्याच्या मुलीने येऊन सांगितलं, आणि तिच्यामागे आणखी तिघी आल्या. त्या तिघींतल्या दोघींचे जुने जबाब माझ्याच हातचे आहेत.

बाहेर पडताना एका शिपायाने सायकल फाटकापर्यंत आणून दिली, तेवढंच.

ताई म्हणाली, "चांगलं केलंस." मग म्हणाली, "उशीर केलास." दोन्ही खरं आहे.

भिंगरीचा फोन गेल्या रविवारी आला नाही. निवेदन मी परत केल्याची चिठ्ठी तिला नियमाप्रमाणे जाणार, असं बाई म्हणाल्या होत्या. मी आपण होऊन काही कळवलं नाही. शाबासकी मागायला गेल्यासारखं झालं असतं. तिच्या शहरात आज ढग होते.

१४ एप्रिल, रविवार

आजही नाही. अकरा ते दोन ताईकडे बसलो. पेपर सरळ धरला होता.

१९ एप्रिल, शुक्रवार

आज फोन आला, माझ्या घरी. चार वर्षांत इथला फोन तिने लावला नव्हता. मी उचलला आणि सवयीने ताईला हाक मारायला खिडकीकडे निघालो.

"आत्याला नको बोलावू, बाबा."

'बोलावू नका' नव्हे. लहान असताना ती मला अरे-तुरे करायची. मी खुर्चीत बसलो.

"तुमच्या ऑफिसचं पत्र आलंय," ती म्हणाली. पुन्हा 'तुमच्या'वर गेली. "माझं निवेदन तुम्ही परत केलंत."

"हो."

"तुम्ही सुटला असता त्याच्यावर."

"सुटलो असतो."

पलीकडून तिचा श्वास येत होता. मी तोही ऐकत होतो.

"मग आता खरं लिहून पाठवू का?"

"नोकरी गेली. आता कुणाला नकोय ते. मला हवंय."

"ते लिहून होणार नाही. खूप आहे. आईच्या आजारपणापासूनचं आहे. तुम्हाला नाही आवडणार."

"सांग."

"फोनवर नाही. परवा येते, सकाळच्या गाडीने. मधे बोलायचं नाही, बाबा. समजूत घालायची नाही. 'तुझ्या भल्यासाठी' म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार."

तिने फोन ठेवला. मी ताईकडे जाऊन सांगितलं की परवा माझ्याकडे येऊ नकोस. ती आधी चिडली, मग कळलं तशी डोळ्याला पदर लावून म्हणाली, जेवायला तरी येऊ दे रे मला. म्हटलं, जेवायच्या वेळेपर्यंत तिचं सांगून झालं असेल की नाही, कुणास ठाऊक.

तिला संपूर्ण दिवस लागेल, कदाचित दोन लागतील. लागू देत. मला आता कुठे जायचंय?